खांबेट्यांची गाडी तेल पिते

तुम्ही पत्रं वाचत नाही, हा तुमच्यावरचा पहिला आरोप. दुसरा त्याहून वाईट आहे. एकदाच वाचलंत, आणि नेमकं जे फाडून फेकायला हवं होतं तेच वाचलंत.

शेतं घेऊन सेक्टर पाडणारं प्राधिकरण म्हणजे तुम्ही, लोखंडी पाटी ठोकून हरित पट्टा जाहीर करणारेही तुम्हीच. तुमच्या इमारतीत तळमजल्याच्या आवक खिडकीवर पद्माकर खांबेटे यांनी दोन वर्षांत एकेचाळीस पत्रं दिली. पाणी तीन दिवसांआड येतं, हे पहिलं. खांब आहेत, दिवे नाहीत, हे चौथं. दिवे आले पण ते दुपारीच जळतात, हे अकरावं. एकेचाळिसांतल्या एकालाही तुम्ही उत्तर दिलं नाहीत. बेचाळिसाव्यावर मात्र नवव्या दिवशी बुलडोझर पाठवलात. त्या बेचाळिसाव्या पत्राची ही गोष्ट. यात खांबेट्यांची अब्रू जाईल, ती जाऊ द्या. तिचं वजन किती ते त्यांना आता नक्की कळलं आहे.

पद्माकर खांबेटे केंद्र सरकारच्या वजनमापे खात्यात सेक्शन ऑफिसर होते. वय बावन्न. सत्तावीस वर्षं दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये काढली, आणि मग देशात उदारीकरण आलं तसं खांबेट्यांच्या डोक्यातही आलं. जो तो गुडगावात प्लॉट घेत होता. सचिव घेत होते, सचिवांचे ड्रायव्हर घेत होते. मग खांबेट्यांनीच काय घोडं मारलं होतं? त्यांनीही घेतला. पंच्याण्णव साली घर बांधून बायको कुमुद आणि मुलगी रेवती यांच्यासह ते सेक्टरात राहायला आले, तेव्हा आजूबाजूला सहा घरं, अठरा खांब आणि मोजता येणार नाहीत इतकी डुकरं होती.

गुडगावात घर बांधायचं म्हणजे शेजाऱ्यापेक्षा उंच बांधायचं. रस्ता दर दोन वर्षांनी वर येतो आणि पावसाचं पाणी ज्याचं घर खाली त्याच्याकडे मुक्कामाला जातं. शेजारच्या भाटियांचं जोतं तीन फूट होतं, म्हणून खांबेट्यांनी चार फूट केलं. रस्त्यापासून फाटकाच्या आत गाडी चढवायला सिमेंटचा उतार बांधला, तो इतका खडा झाला की सकाळी पेपरवाल्यानं टाकलेली गुंडाळी घरंगळत पुन्हा त्याच्याच सायकलीपाशी जायची. कुमुद म्हणाली, "अहो, हा रॅम्प आहे की किल्ल्याची चढण?" खांबेटे म्हणाले, "पाणी आलं की कळेल." पाणी आलं ते भाटियांकडे गेलं. खांबेट्यांनी गच्चीवरून ते पाहिलं आणि त्यांना खरंच, अगदी मनापासून बरं वाटलं. असा हा माणूस.

त्या उतारावर त्यांची गाडी उभी असायची. गिअर स्टिअरिंगला असलेली, चौऱ्याऐंशी सालची, फिकट निळी. नाक आभाळाकडे, मागच्या चाकांखाली दोन विटा. गाडी जुनी, त्यामुळे थोडं इंजिन ऑइल जाळणारच, हे त्यांना माहीत होतं. क्वार्टरमध्ये असतानाही महिन्याला पाव-अर्धा लिटर लागायचं. घर बदललं त्याच महिन्यात त्यांनी इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा, ज्या झिजल्या की तेल जळतं, त्या बदलून घेतल्या. ते काम केलं सतबीरनं.

सतबीर म्हणजे सेक्टरच्या वळणावर शिसवीच्या झाडाखाली बसणारा मिस्त्री. वर पत्र्याचं छप्पर, खाली जमिनीत खणलेला खड्डा, ज्यात उतरून तो गाडीचं पोट बघायचा. चाळिशीचा, उंच, हातापायाला काळं तेल कायमचं मुरलेलं. तो बसायचा ती जमीन तुमच्या कागदावर हरित पट्टा होती. त्याआधी ती त्याच्या चुलत्याचं मोहरीचं शेत होती, हे तुमच्या कागदावर नाही.

रिंगा बदलल्यावर गाडीनं तेल प्यायचं थांबवायला हवं होतं. झालं उलटंच. खांबेट्यांची रोजची पूजा ठरलेली होती. सकाळी सात वाजता, अंघोळीआधी, बनियन आणि लेंग्यावर बोनेट उघडायचं. इंजिनात खोचलेली लांब सळई, जिला मिस्त्री लोक गेज म्हणतात, ती काढून जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा काढायची आणि चष्मा कपाळावर चढवून तेल कुठल्या खुणेपर्यंत आलंय ते वाचायचं. तेल रोज कमीच दिसायचं. कधी खालच्या खुणेला जेमतेम, कधी तिच्याही खाली. मग डबा उघडायचा आणि ओतायचं. महिन्याला दीड लिटर, मग दोन, मग अडीच. त्याचबरोबर धूर वाढला. सकाळी गाडी चालू केली की भाटियांच्या वहिनी वाळत घातलेले कपडे काढून आत न्यायच्या, आणि जाताना "नमस्ते भाईसाब" असं म्हणायच्या की त्यात नमस्कार कमी आणि शाप जास्त.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये खांबेटे बोनेट उघडत नसत. तिथं साहेब लोकांचे ड्रायव्हर जमतात आणि फुकट सल्ले देतात. खांबेट्यांना सल्ला चालत नसे. ते सल्ले द्यायच्या खात्यात होते.

ते सतबीरकडे गेले. इंजिन चालूच, काच अर्धी खाली.

"सतबीर, रिंग नई डाली थी कि पुरानी धो के लगा दी?"

सतबीर खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणाला, "राम राम बाबूजी. रिंग तो थारे सामणे डब्बे में तै काढी थी. बोनट खोलो, देख ल्यूं."

"पहले ही बहुत देख लिया तुमने."

"तो फेर न्यूं करो, तेल नाप के डाल्या करो. घणा मत डालियो."

नाप के! वजनमापे खात्यातल्या माणसाला! ज्यानं पेट्रोल पंपांच्या तपासणीचं परिपत्रक स्वतः लिहिलं, ज्याच्या सहीशिवाय उत्तर भारतातल्या कित्येक तराजूंना शिक्का मिळत नाही, त्याला हा खड्ड्यातला माणूस माप शिकवणार! खांबेट्यांनी काच वर केली. बोनेट काही उघडू दिलं नाही. त्यानंतर दोनदा गेले आणि दोन्ही वेळा गाडीत बसूनच बोलले. दुसऱ्या खेपेला "चोर" म्हणाले. सतबीरनं हातातला पाना खाली ठेवला, एवढंच केलं.

दिवाळीत कुमुदचा भाऊ दिलीप पुण्याहून आला. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला पाहुण्यांना ताजमहाल, कुतुबमिनार आणि पानिपत दाखवावं लागतं. पहिल्या दोन ठिकाणी दुसऱ्यांनी काय बांधलं ते बघायचं, तिसऱ्या ठिकाणी आपण काय घालवलं ते. लांबचा पल्ला म्हणून खांबेट्यांनी निघताना नेहमीच्या तेलावर आणखी एक लिटर ओतलं. सोनिपतच्या पुढे गाडीनं असा पांढरा-निळा धूर सोडला की मागच्या ट्रकवाल्यानं शेजारी येऊन खिडकीतून विचारलं, "ओ अंकल, मच्छर मारण निकळे हो के?"

रेवती मागच्या सीटवर खाली वाकली. "बाबा, प्लीज, कुणी ओळखीचं बघेल यार!"

"पानिपतच्या वाटेवर कोण ओळखीचं भेटणार आहे?" खांबेटे म्हणाले.

"धूर बघून येतील की," दिलीप म्हणाला. "भाऊजी, खरं सांगतो, अब्दालीला हा धूर दिसला असता ना, तर तो परत गेला असता. आपण जिंकलो असतो."

कुमुद हसली. खांबेट्यांना दिलीपचं काही वाटलं नाही, मेव्हण्यांचं ते कामच असतं. पण कुमुद हसली.

घरी आल्या आल्या, बूटही न काढता, त्यांनी कागद ओढला आणि बेचाळिसावं पत्र लिहिलं. हिंदी त्यांची सरकारी, धुतलेली, इस्त्री केलेली. 'हरित पट्टी पर अवैध अतिक्रमण', 'तेल के रिसाव से भूमि का प्रदूषण', 'असामाजिक तत्वों का जमावड़ा'. असामाजिक तत्त्वं म्हणजे सतबीर, त्याचा हुक्का आणि दुपारी झाडाखाली झोपणारा एक म्हातारा पोस्टमन. रिंगांबद्दल, धुराबद्दल, ट्रकवाल्याबद्दल, बायकोच्या हसण्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. खरं कारण सोडून सगळं होतं. कुमुदला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "त्याच्या पोटावर कशाला येता? तसंही ते ऑफिसवाले काही करत नाहीत म्हणा." या शेवटच्या वाक्यावर विसंबून खांबेट्यांनी पत्र खिडकीवर दिलं. एकेचाळीस वेळा काही झालं नाही, बेचाळिसाव्यांदा काय होणार?

तुम्ही नवव्या दिवशी आलात.

सकाळी ऑफिसला निघालेल्या खांबेट्यांनी वळणावर पाहिलं. पिवळ्या यंत्रानं पत्रा उचलून बाजूला फेकला होता आणि खड्ड्यात माती लोटली जात होती. सतबीर दोन हातांनी लोखंडाचे तुकडे पकडायचा आपला शिकंजा छातीशी धरून उभा होता, जसं कुणी आगीतून पोर बाहेर काढावं. खांबेटे थांबले नाहीत. गाडीनं मागे एवढा धूर सोडला की आरशात काही दिसलं नाही. सोय झाली.

आणि इथं खोटं बोलण्यात अर्थ नाही: त्यांना दिवसभर अभिमान वाटला. एवढी वर्षं सरकारात राहून त्यांनी पहिल्यांदाच सरकार हललेलं पाहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दोघांना सांगितलंसुद्धा की आपल्या एका पत्रावर अशी अशी कारवाई झाली. संध्याकाळी कुमुद म्हणाली, "नऊ दिवसांत? पाण्याच्या पत्राला दोन वर्षं होतील." तेव्हा अभिमान जरासा डगमगला. पंधरा दिवसांत त्या जागी काचेची केबिन उभी राहिली. आत एसी, टाय लावलेली तीन माणसं आणि काचेच्या पेटीत सोळा मजली इमारतीचं खेळण्यातलं मॉडेल. बिल्डरचं बुकिंग ऑफिस, तेही हरित पट्ट्यावर. तुम्हाला सतबीरला उठवायचंच होतं. फाइलमध्ये लावायला एका जागरूक नागरिकाचा कागद तेवढा कमी पडत होता. तो खांबेट्यांनी स्वखर्चानं, स्वच्छ अक्षरात पुरवला.

गाडीचा धूर कमी झाला नाही. सतबीर गेल्यावरही ती तेल पीतच राहिली, हे खरं तर खांबेट्यांना तेव्हाच खटकायला हवं होतं. प्रदूषण तपासणीच्या व्हॅनवाल्यानं मागच्या नळीत यंत्र घातलं, काटा पाहिला आणि यंत्र पुसून परत ठेवलं. "अंकल, इसको तो भट्ठे का लाइसेंस लगेगा," तो म्हणाला. स्टिकर मिळाला नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सातला, ऊन अजून धुक्यातच अडकलेलं असताना, खांबेटे बनियनवर स्वेटर चढवून गेज पुसत होते. फाटकाशी कुणी खाकरलं.

"राम राम बाबूजी."

सतबीर होता. दाढी वाढलेली, अंगाला कांबळं. खांबेट्यांच्या हातातला फडक्याचा बोळा खाली पडला आणि उतारावरून घरंगळत त्याच्याच पायाशी गेला.

"तुम... कैसे?"

"चिट्ठी लिखवाणी थी," सतबीर फडकं उचलत म्हणाला. "सारा सेक्टर कह सै, चिट्ठी लिखण में खांबेटे बाबूजी जैसा कोए कोन्या. किसे हरामी ने मेरी शिकायत ला दी. मैं दफ्तर गया था, बोले अर्जी ल्याओ, फेर देखेंगे. मानेसर में एक ठेकेदार के नीचे लग रया हूं, पर ओड़ै मन नीं लागता. अपणी जगह, अपणी होवै सै."

ज्याला त्यांनी चोर म्हटलं, तो त्यांच्याच दारात त्यांचंच हस्ताक्षर मागायला आला होता. तेवढ्यात सतबीरची नजर उघड्या बोनेटवर, हातातल्या सळईवर, आणि मग हळूहळू खाली, चाकांमागच्या विटांवर गेली.

"बाबूजी, तेल याड़ै नापो सो?"

"हां. रोज."

"रोज? इस ढलान पै?"

पुढचं वाक्य त्यानं बोलायची गरज नव्हती. खांबेट्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचंच परिपत्रक आलं, कलम चार, उपकलम ब: 'माप वाचण्यापूर्वी ते सपाट, समपातळीतील पृष्ठभागावर ठेवले असल्याची खात्री करावी, अन्यथा वाचन ग्राह्य धरू नये.' शब्द त्यांचे, स्वल्पविरामसुद्धा त्यांचे. या कलमाखाली त्यांनी पंपवाल्यांना नोटिसा काढल्या होत्या.

सतबीरनं विटा काढल्या, गाडी मागे घरंगळवत सपाट रस्त्यावर आणली आणि बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. "तेल नै बैठण द्यो." तेल खाली बसेपर्यंत दहा मिनिटं गेली. भाटियांच्या वहिनी गच्चीवर आल्या, गाडी पाहून कपडे गोळा करून परत गेल्या. मग सतबीरनं गेज काढली, पुसली, घातली, काढली आणि खांबेट्यांच्या चष्म्यासमोर धरली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं.

"गाड़ी का मुंह ऊपर, तो तेल पाछै नै भाजै. गेज ताहीं आवै ए कोन्या. थम कम समझ कै और गेर द्यो." म्हणजे चढावर तेल मागे पळायचं, सळईला कमी दिसायचं आणि खांबेटे वर आणखी ओतायचे. त्यानं गाडीखाली सरपटत जाऊन नट सैल केला. काळं तेल डब्यात पडू लागलं, पडतच राहिलं. "घणे तेल नै इंजन रई की तरियां बिलोवै सै. झाग बणै, झाग ऊपर चढ़ै, फेर जळै. गाड़ी पीवै कोन्या थी बाबूजी, थम जबरदस्ती प्यावो थे."

डब्यात दीड लिटर जमलं. सतबीरनं नट आवळला, इंजिन चालू केलं, आणि थोड्या वेळानं नळीतून येणारा धूर विरळ होत होत धुक्यात ओळखू येईना. रिंगा ठणठणीत होत्या. दोन वर्षं ठणठणीत होत्या.

"अब चिट्ठी," सतबीर हात पुसत म्हणाला.

आत दिवाणखान्यात खांबेटे कागद घेऊन बसले. सतबीर खुर्चीवर बसेना, कपडे खराब आहेत म्हणून, उंबऱ्यावर टेकला. आणि सांगू लागला. खांबेटे लिहू लागले. सतबीर म्हणाला, "लिखो, किसे बेईमान ने झूठी शिकायत करी." खांबेट्यांनी लिहिलं, 'किसी द्वेषपूर्ण व्यक्ति द्वारा'. सतबीर म्हणाला, "लिखो, उसके कीड़े पड़ैं." खांबेट्यांनी लिहिलं, 'उक्त व्यक्ति के विरुद्ध उचित कार्यवाही की जाए'. हयातभरात इतक्या निष्ठेनं त्यांनी कुणाचा मजकूर उतरवला नव्हता. एकदा सतबीर थांबला तेव्हा तर त्यांनीच एक विशेषण पुरवलं. विशेषण चपखल होतं.

कुमुद चहा घेऊन आली. एक कप सतबीरला दिला, एक टेबलावर ठेवला आणि नवऱ्याच्या खांद्यावरून कागद वाचला. सतबीरला कळू नये म्हणून नव्हे, तर घरातलं घरात बोलावं तसं ती मराठीत हळूच म्हणाली, "अहो, 'व्यक्ती' काय? नाव लिहा."

"मग त्याला कळेल..."

"कळू दे की. त्याची जागा गेलीये, तुमचं काय जाणार आहे?"

मागे रेवती दात घासता घासता दारात येऊन उभी राहिली होती. तिनं ब्रश तोंडातून काढला.

खांबेट्यांनी नवा कागद घेतला. बराच वेळ पेन कागदाच्या वर नुसतं धरून बसले. आधीच्या बेचाळीस पत्रांना त्यांना मजकूर शोधावा लागला नव्हता. मग लिहिलं, एका दमात, खाडाखोड न करता. सतबीर म्हणाला, "सुणा द्यो एक बार." खांबेटे उभे राहिले. बसून वाचता आलं नसतं.

"'महोदय, सतबीर सिंह के विरुद्ध दी गई शिकायत असत्य थी. शिकायतकर्ता मैं स्वयं हूं, पद्माकर विनायक खांबेटे. मेरी गाड़ी का तेल मैंने स्वयं गलत नापा और दोष इस कारीगर को दिया. कृपया इनकी जगह इन्हें लौटाई जाए और वहां बने बुकिंग कार्यालय की अनुमति किसने दी, यह लिखित में बताया जाए.'"

सतबीरनं कप खाली ठेवला. चहा अर्धाच प्यायला होता. तो उठला, उंबऱ्याच्या आत आला, आणि खांबेट्यांना वाटलं की आता हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. पण त्यानं फक्त कागद हातात घेतला, नाव कुठं लिहिलंय ते बोटानं शोधलं, तिथं तेलाचा काळा ठसा उमटला, आणि कागद नीट घडी घालून कांबळ्याच्या आत ठेवला.

"यो जगह म्हारी थी, बाबूजी. चाचा की जमीन गई, हम बोले चलो सरकार सै. खड्डा गया, हम बोले कोए हरामी होगा." तो थांबला. "मैं कदे भाज्या नहीं. उसी दरख्त के नीचे रोज बैठ्या मिल्या. थारे घर तै दिखूं था. गाड़ी बंद करकै, नीचे उतर कै, एक बार बोनट खोल लेण देते."

खांबेटे "हां" म्हणाले.

"दफ्तर आळे तो जवाब देंगे जब देंगे," सतबीर म्हणाला, आणि ज्या खुर्चीवर तो इतका वेळ बसला नव्हता ती ओढून त्यांच्यासमोर बसला. "थारा जवाब मैं आज ले कै जाऊंगा. चिट्ठी लिखण का टैम था, तो मेरे तै पूछण का टैम क्यूं नहीं था? बोलो."